रिंटूलांचा अंगठा

मानपत्र आदल्या दिवशीच आलं होतं. पाद्रीबुवा लोगन यांनी ते स्टेशनापासून ब्रेसाइडपर्यंत बग्गीत स्वतःच्या मांडीवर धरून आणलं, आणि इसोबेलने ते बैठकीच्या खोलीत पियानोवर उभं करून त्याच्यावर धुतलेली चादर टाकली. तेव्हापासून घरातलं प्रत्येक माणूस काही ना काही निमित्त काढून बैठकीत जाऊन चादर उचलून आलं होतं. गॅव्हिन तर दोनदा. एकटी त्याची बहीण एफी गेली नव्हती. सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात क्लाइड्सडेल जातीच्या घोड्याचं डोकं, खाली सदतीस सह्या, असं सगळं वर्णन तिच्या भावजयीने, इसोबेलने, स्कोनचं पीठ मळता मळता तिला ऐकवलंच होतं, त्यामुळे पाहण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

“‘ज्यांच्या अंगठ्याने चाळीस वर्षं या खोऱ्यातल्या घोड्यांचे पाय निकोप राखले,’” इसोबेलने पाठ म्हणून दाखवलं. “पाद्रीबुवांना अंगठा हा शब्द जरा हलका वाटत होता. ‘हस्तस्पर्श’ घालू म्हणाले. मी म्हटलं, बुवा, इथे सगळे अंगठाच म्हणतात, अंगठाच राहू द्या.”

“बरं केलंस,” एफी म्हणाली आणि बादलीत साबण कालवू लागली.

“आणि सह्यांत पहिली सही कोणाची, सांग पाहू. ह्यू पेटरीची! मन मोठं म्हणायचं त्याचं. बाबांनी त्याच्या घोड्याला, बॅरनला, नापास केलं तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस आता आपल्या फाटकात पाऊल टाकणार नाही.”

“पाणी निवतंय,” म्हणून एफीने बादली उचलली आणि ती बाहेर पडली.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार होता, जगाच्या या दक्षिण टोकाला वसंत लागला होता. दक्षिणेचा वारा सुटला होता, कुंपणावरचा काटेरी गोर्स पिवळाधमक फुलला होता आणि अंगणात चिखल होता. ऑक्टोबर लागला की पैदाशीचे घोडे आपापल्या मोतद्दाराबरोबर गावोगाव निघायचे, शेतामागून शेत घेत घोड्या फळवत जायचे. पण त्याआधी ते ब्रेसाइडच्या अंगणात उभे राहायचे आणि म्हातारे एबेनेझर रिंटूल त्यांचे पाय दाबून पाहायचे. याला ना सरकारी कागद होता ना शिक्का. घोड्याच्या खुराच्या वर, दोन्ही अंगांना, केसांच्या झुबक्याखाली आपल्या कानासारखं लवचीक काहीतरी असतं. ते अंगठ्याखाली वाकलं तर घोडा मऊ. हाडासारखं घट्ट लागलं तर घोडा कडक, आणि कडक घोड्याची पोरं चार वर्षं नांगर ओढून लंगडी व्हायची. रिंटूल गुडघे टेकून चारही पाय दाबायचे. उठून “चांगला आहे” म्हणाले की झालं. काही न बोलता नुसता गुडघ्यावरचा चिखल झटकला की संपलं. पुढच्या सोमवारी तो घोडा खच्ची व्हायचा, कारण या खोऱ्यातलं कोणी आपली घोडी त्याच्याजवळ नेलीच नसती.

आता खरी गोष्ट अशी होती की त्या अंगठ्याला गेली सात वर्षं काही कळत नव्हतं.

एका शिंगराने रिंटूलांचा उजवा हात फाटकाच्या खांबावर चेपला होता. जखम भरली, नख पुन्हा आलं, पण अंगठा मेला तो मेलाच. सर्वांत आधी ते ग्रिझेल आत्याच्या लक्षात आलं. भाऊ पाइप पेटवत होता, काडी अंगठ्यापर्यंत जळत आली आणि हा आपला तिच्याशी मटणाच्या भावाबद्दल बोलत राहिला. आत्याने ते गॅव्हिनला सांगितलं, गॅव्हिनने एफीला, आणि तिघांनी मिळून ठरवलं की हे इसोबेलच्यासुद्धा कानावर घालायचं नाही. मग एफी पुढे झाली. पायांचे झुबके चिखलाने लडबडलेले असायचे, ते कोणीतरी साबणाने धुऊन, लाकडाच्या भुशाने कोरडे करायला हवेच होते. ते काम तिने घेतलं. धुता धुता ती दाबून पाहायची. मऊ असेल तर टॉवेल हातावर, कडक असेल तर खांद्यावर. पुढे बाबा गुडघे टेकायचे, डोळे मिटून अंगठा फिरवायचे आणि एफीने जे ठरवलं असेल ते सांगायचे किंवा सांगायचे नाहीत. बापलेकीत याविषयी एक शब्दही कधी झाला नव्हता. तिने टॉवेल धरायला सुरुवात केली आणि त्यांनी बघायला सुरुवात केली, इतकंच.

सात वर्षांत ती एकदाच खोटं बोलली होती, आणि तेही टॉवेलने. चार वर्षांपूर्वी. ह्यू पेटरीच्या बॅरनबाबत.

आज ह्यूने बॅरनचं पोर आणलं होतं. एकुलतं एक. बॅरनला दाखवायला आणायच्या आठवडाभर आधी घाई करून ह्यूने घरची एक घोडी त्याला लावली होती, तिचं हे तीन वर्षांचं तरणंबांड पोर. एफीने रात्री अंथरुणात पडल्या पडल्याच ठरवून टाकलं होतं. पोर मऊ असणारच, बाप मऊ होता. टॉवेल हातावर. बाबा म्हणतील चांगला आहे, ह्यूला त्याचा घोडा परत मिळेल, आणि आपल्या मानेवरचं ओझं थोडं तरी उतरेल. देवाला हे चालणार होतं की नाही ते तिने विचारलं नव्हतं.

पाच घोडे झाले. पाचही मऊ. बाबा प्रत्येकाजवळ टेकत होते, उठत होते, लोक हसत होते, कोणीतरी म्हणालं, “मिस्टर रिंटूल, गुडघ्यांनाच एक मानपत्र द्यायला हवं होतं!” त्यावर म्हातारे रिंटूल म्हणाले, “गुडघ्यांचं नाव काढू नकोस, ते ऐकतात.” बाहत्तराव्या वर्षी माणूस खुशीत होता. हा त्यांचा शेवटचा शनिवार होता, पुढच्या वर्षापासून ते तपासणीला बसणार नव्हते, आणि मानपत्र त्यासाठीच होतं.

सहावा ह्यू पेटरीचा. त्याने दोर मोतद्दाराकडे दिला नव्हता, स्वतःच धरला होता. एफी बादली घेऊन आली तशी त्याने टोपी काढली.

“पाणी गार असेल, मिस रिंटूल. आतून गरम मागवू का?”

“नको. सवय आहे.”

“शहाणा आहे हो तो. पाय उचलत नाही उगीच.” आणि मग घोड्याची मान थोपटत तो म्हणाला, “डोळे बापाचे आलेत. नाही?”

“हो,” एफी म्हणाली. डोळे खरंच बॅरनचे होते.

तिने पुढचा डावा पाय धुतला. साबण, पाणी, भुसा. झुबका रेशमासारखा सुटा झाला तेव्हा तिने त्याच्याखाली अंगठा घातला आणि दाबला.

वाकलं नाही.

तिने जरा मागे सरकून दाबलं. नाही. उजवा पाय धुवायच्या आधीच तिने दाबून पाहिला. तोही घट्ट, बाहेरच्या अंगाला तर खडाच. गार पाण्यातले तिचे हात एकदम गरम झाले. वर ह्यू कोणाशी तरी पावसाविषयी बोलत होता.

“पाणी बदलायला हवं,” ती म्हणाली. “फार घाण झालंय.”

धुण्याच्या खोलीत गॅव्हिन जास्तीचे पेले घ्यायला आला होता आणि ग्रिझेल आत्या त्याला कोणते घ्यायचे आणि कोणते नाही ते सांगत होती. एफीने दार लावलं.

“पेटरीचा घोडा कडक आहे.”

“अरेरे,” गॅव्हिन म्हणाला. खरोखरच अरेरे म्हणाला तो, मनाने वाईट नव्हता. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. “पण बघ ना, एफी! म्हणजे बाबांचं... म्हणजे तुझं तेव्हाचं बरोबरच होतं. बॅरन कडक, पोर कडक. चार वर्षं काही काही लोक कुजबुजत होते ना, की बॅरन काय सुरेख चालायचा, म्हाताऱ्याची चूक तर झाली नसेल? आता सगळ्यांची तोंडं बंद. आणि तेही आजच्या दिवशी!”

“बॅरन मऊ होता.”

दोघंही तिच्याकडे बघत राहिली.

“बॅरन मऊ होता,” तिने पुन्हा सांगितलं, कारण एकदा सांगून ते खोलीत कुठेतरी हरवल्यासारखं झालं होतं. “चारही पाय. इतका मऊ घोडा माझ्या हाताखाली ना आधी आला ना नंतर. आणि मी टॉवेल खांद्यावर टाकला.”

“चुकून,” आत्या म्हणाली.

“चुकून नाही, आत्या.”

बाहेर कोणाचा तरी घोडा खिंकाळला. गॅव्हिनने हातातले पेले एकेक करून फळीवर परत ठेवले.

“हे तू कोणाला बोललीस?”

“आत्ता तुम्हाला.”

“मग इथेच राहू दे. नाही, ऐकून घे. हे पोर बापाकडून कडक आलं नसेल तर आईकडून आलं. बरोबर? आणि आई कोणाकडची? मी विकलेली घोडी आहे ती, आपल्या तबेल्यातली. तिच्या तीन बहिणी अजून आपल्याकडे आहेत, आणि त्यांची पोरं अर्ध्या खोऱ्यात नांगर ओढतायत. तू तिकडे उभी राहून बॅरन मऊ होता म्हणालीस की घटकाभरात प्रत्येक जण इथवर पोचेल. लोक मूर्ख नाहीत.”

“मग मी काय करू? टॉवेल हातावर घेऊ? कडक घोडा मऊ म्हणून सोडू?”

“छे! अजिबात नाही. टॉवेल खांद्यावर घे. तेच खरं आहे ना? खरं तेच कर. कोणी तुला खोटं करायला सांगत नाहीये.”

हे इतकं सरळ होतं की एफीला क्षणभर त्याच्यात खोट सापडेना. खरा टॉवेल खांद्यावर टाकला की चार वर्षांपूर्वीचा खोटा टॉवेलही खरा होणार होता. तिला काही करावंच लागणार नव्हतं. तिच्या सगळ्या आयुष्यात तिला कोणी इतकी स्वस्त सुटका देऊ केली नव्हती, आणि ती घ्यावीशी वाटत होती याचीच तिला शरम वाटली.

“चहा होऊन जाऊ दे,” आत्या हळूच म्हणाली. “तुझ्या बापाला ते मानपत्र घेऊ दे, पोरी. मग बघू. त्याचं वय बघ.”

“चहानंतर कोण बघतंय, आत्या?”

आत्या टेबलावरची कोरडीच असलेली बशी पुन्हा पुसू लागली.

एफीने बादली भरली आणि ती अंगणात गेली. उरलेले पाय तिने नीट धुतले, उगीच जास्त वेळ लावून धुतले, आणि टॉवेल खांद्यावर टाकून घोड्याच्या तोंडाशी उभी राहिली. बाबांनी नजर टाकली. ते टेकले. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचे दोन. मेलेला अंगठा त्यांनी अगदी सावकाश, जपून फिरवला. मग ते उठले आणि गुडघ्यावरचा चिखल झटकू लागले.

मागून कोणीतरी दबल्या आवाजात म्हणालं, “बापावर गेलंय,” आणि दुसरा म्हणाला, “म्हाताऱ्याने तेव्हाच सांगितलं होतं की.” गॅव्हिन दारात उभा होता. त्याने बुटांकडे पाहिलं.

ह्यू पेटरीने घोड्याच्या कपाळावरची बट नीट केली. एफीला वाटलं, आता हा शिव्या देईल. द्याव्यात, असंही वाटलं. पण तो दोर दुसऱ्या हातात घेऊन म्हाताऱ्याजवळ गेला आणि त्याने हात पुढे केला.

“मिस्टर रिंटूल, आज सगळ्यांसमोर सांगतो. चार वर्षं माझ्या मनात एक अढी होती. आज गेली. तुमचंच बरोबर होतं.”

रिंटूलांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांना ते लपवताही येत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इसोबेल दारातून ओरडली की चहा तयार आहे आणि बूट बाहेरच काढा, आणि सगळे हसत, खाकरत घराकडे निघाले. सगळ्यांचं भलं झालं होतं. ह्यूच्या मनातली अढी गेली होती, बाबांची शेवटची तपासणी खरी ठरली होती, ब्रेसाइडच्या घोड्या निर्दोष राहिल्या होत्या. फक्त एफी ओल्या हातांनी अंगणाच्या मधोमध उभी होती.

ह्यू घोडा कुंपणाला बांधत होता. ती त्याच्याकडे गेली. पुढे कित्येक वर्षांनी, आपण तेव्हा तिकडे कसे गेलो, हे आठवायचा तिने खूप प्रयत्न केला, पण तेवढीच वीस पावलं तिला कधी आठवली नाहीत.

“मिस्टर पेटरी, बॅरन मऊ होता.”

तो वळला. तिला बरं वाटावं म्हणून जरासा हसला. “असं म्हणू नका हो. मला वाईट वाटलंय, पण इतकंही नाही.”

“मी दयेने बोलत नाहीये. बाबांच्या अंगठ्याला सात वर्षं झाली काही कळत नाही. मी पाय धुताना बघते आणि टॉवेलने सांगते. आत्ता खरं सांगितलं. हा कडक आहे, याच्या आईकडून आलंय, आणि ती आमच्याकडची. पण बॅरन मऊ होता आणि मी खोटं सांगितलं.”

त्याचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

“त्या रात्री,” तो म्हणाला, “मी कंदील घेऊन त्याच्याजवळ गेलो होतो. दाबून पाहिलं. मला मऊ लागला. पुन्हा पाहिलं, मऊच. मी म्हटलं, ह्यू, तुला काय कळतं? तिकडे रिंटूल म्हणतायत कडक, आणि तू आपल्या लाडक्या घोड्याला मऊ म्हणणार. सोमवारी खच्ची केला. ब्लफ बंदरात, धक्क्यावरच्या गाड्या ओढायला विकला, कारण रोज डोळ्यांसमोर नको.” त्याने घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला. “तेव्हापासून मी कोणत्याही जनावराला हात लावून माझं मत सांगितलेलं नाही, मिस रिंटूल. बायकोने मासा ताजा आहे का विचारलं तरी मी म्हणतो, तूच बघ.”

एफीने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

“का पण?” त्याने विचारलं. “गॅव्हिनने करायला सांगितलं? आमचा घोडा नको होता म्हणून?”

“नाही. गॅव्हिनला आत्ता कळलं.”

“मग?”

इथे एखादं मोठं कारण असतं तर किती बरं झालं असतं. सूड, प्रेम, घराण्याचं वैर, काहीही. चार वर्षं तिने स्वतःसाठी एखादं बरंसं कारण शोधून पाहिलं होतं.

“त्या दिवशी मी तुमच्या घोड्याजवळ बसले होते,” ती म्हणाली. “तुम्ही बाबांना म्हणालात, ‘रिंटूल, घरात पुरुष माणूस उरलं नाही का, लेकीला घोड्याच्या पायाशी बसवलीत?’ आणि सगळे हसले.”

तो आठवायचा प्रयत्न करत होता. ते त्याच्या कपाळावर दिसत होतं. प्रामाणिकपणे, मनापासून तो आठवत होता, आणि त्याला आठवेना.

“असं म्हणालो होतो मी?”

“हो.”

“एवढ्यासाठी?”

“हो,” एफी म्हणाली. “एवढ्यासाठी.”

तिला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर निदान हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही. उलट आत्ताच हा माणूस चार वर्षांनी सुखाने हसला होता आणि ते हसू आपण आपल्या समाधानासाठी काढून घेतलं, हेही तिच्या डोक्यात शिरलं. पण आता मागे फिरायला जागा नव्हती.

“आत जाऊन सांगते,” ती म्हणाली.

“मी येतो,” तो म्हणाला. “मला ऐकायचंय.”

बैठकीत खुर्च्या पुरल्या नव्हत्या. माणसं भिंतीला टेकून, मोजे घातलेल्या पायांनी, मांडीवर बश्या घेऊन अवघडून उभी-बसलेली होती. चादर काढली होती. पाद्रीबुवांनी चष्मा चढवून वाचायला सुरुवात केली होती आणि ‘ज्यांच्या अंगठ्याने’ इथपर्यंत ते आले होते.

“बुवा, थांबा,” एफी दारातून म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. फार लांबण लावली नाही. अंगठा, टॉवेल, बॅरन, आणि का, तेही. का सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की मागच्यांनी पुढच्यांना विचारून घेतलं, आणि ते तिला ऐकू आलं.

“एफीची तब्येत गेले काही दिवस बरी नाहीये,” गॅव्हिन उठून म्हणाला. “घरात कामाचा ताण, वरून हे सगळं...”

“तिची तब्येत उत्तम आहे, गॅव्हिन,” ग्रिझेल आत्या म्हणाली. “खाली बस.”

“आत्या, तू तरी...”

“अंगठ्याचं मला ठाऊक होतं. मीच पहिल्यांदा पाहिलं. तुलाही ठाऊक होतं. खाली बस म्हणते ना.”

इसोबेल नवऱ्याकडे बघत होती. “तुला ठाऊक होतं?” ती म्हणाली. “सात वर्षं? माझ्या बापाने दर वर्षी आपल्या घोड्या या अंगठ्यावर भरवसा ठेवून फळवल्या आणि तुला ठाऊक होतं?” गॅव्हिन खाली बसला. इसोबेलने त्याच्याजवळची आपली खुर्ची उचलली आणि ती आत्याजवळ नेऊन ठेवली.

मग सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. एफीने पाहिलं नाही, तिला ते जमलं नाही. तिने त्यांच्या मोज्यांकडे पाहिलं. उजवा मोजा टाचेशी विरला होता, आणि तो रफू करायला तिनेच बाजूला काढला होता.

“एफी म्हणते ते खरं आहे,” रिंटूल म्हणाले. “अंगठ्याला काही कळत नाही. पण ती म्हणते तेवढंच खरं नाही. बॅरन अंगणात चालत आला तेव्हा मी त्याला पाहिला. चाळीस वर्षं घोडे बघतोय. अशी चाल कडक पायाच्या घोड्याची नसते. मी मनात म्हटलं, हा मऊ आहे. मग टॉवेल पाहिला. खांद्यावर होता. आता मी म्हणू शकलो असतो की थांब, पुन्हा बघू. कोणाला तरी म्हणू शकलो असतो की तूही जरा दाबून बघ. पण तसं म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.” त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. “मी चिखल झटकला. ह्यू, मला कळत होतं. पोरीला राग आला म्हणून तिने केलं. माझ्याजवळ रागसुद्धा नव्हता.”

पाद्रीबुवांनी चष्मा काढला आणि मानपत्र हळूच भिंतीकडे तोंड करून ठेवलं. असं कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

ह्यू पेटरी उठला. एफीला वाटलं, तो आता बोलेल, म्हाताऱ्याला किंवा तिला काहीतरी म्हणेल. काय म्हणेल तर बरं, तेही तिला ठरवता येत नव्हतं. त्याने आपली बशी टेबलावर ठेवली.

“स्कोन फार छान झाले होते, मिसेस रिंटूल,” तो इसोबेलला म्हणाला, आणि बाहेर गेला.

त्याच्यामागून बाकीचे निघाले. कोणी भांडलं नाही. खोऱ्यातली माणसं भांडत नाहीत. टोप्या हातात घेतात, हवेचं काहीतरी बोलतात आणि जातात. दाराशी बूट चढवायची एकच गर्दी झाली. बाबा आपल्या खुर्चीतच बसून राहिले आणि आत्याने त्यांच्या मांडीवरचा चहाचा पेला काढून घेतला. गॅव्हिन मागच्या दाराने तबेल्याकडे गेला.

एफी खिडकीशी उभी राहिली. बॅरनचं पोर घेऊन ह्यू फाटकातून बाहेर पडला होता आणि वाऱ्याच्या विरुद्ध चालला होता. पण सगळेच गेले नव्हते. सकाळी पास झालेले पाच घोडे कुंपणाला बांधलेले होते, आणि त्यांचे पाचही मालक, मानपत्रासाठी घातलेल्या आपल्या चांगल्या कोटांनिशी, चिखलात गुडघे टेकून बसले होते. एकेकाने झुबक्याखाली अंगठा घातला होता आणि तो दाबत होता, थांबत होता, पुन्हा दाबत होता. पाचही घोडे मऊ होते. त्यांच्याबाबत ती खरं बोलली होती. खिडकीतूनही तिला दिसत होतं की त्यांतले दोघं चुकीच्या जागी दाबतायत, फार खाली, नुसत्या खुरावर.

ती दारापर्यंत गेली. कोणीतरी मान वर करेल, विचारेल, म्हणून ती बाह्या वर सारून बराच वेळ तिथे उभी राहिली. कोणीही तिला हाक मारली नाही.